दोरीपाशी राहिलेला जोड

शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला उंबरोळीच्या तलावावरून पाहुण्यांची शेवटची गाडी गेली आणि दोरीपाशी चपलांचा एक जोड मागे राहिला. केसरीनाथ भोईरने तो पाहिला आणि लगेच पाण्याकडे नजर टाकली.

तुम्ही-आम्ही म्हणू, विसरला असेल कोणी, त्यात एवढं काय! केसरीनाथला तसं म्हणायची सोय नव्हती. का नव्हती ते आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला येडेपणा वाटेल.

उंबरोळी भिवंडीहून वज्रेश्वरीला जाताना लागते. गाव लहान, तलाव मात्र ऐसपैस, आणि काठाला आमराई. पूर्वी सुट्टीत तिथे फक्त शाळांची शिबिरं यायची, चार तंबू लागायचे आणि आठवड्याने उठायचे. ऐंशीनंतर भिवंडीत लूम, म्हणजे यंत्रमाग, वाढले तसे पाहुणेही वाढले. लूमना सुट्टी शुक्रवारी, म्हणून उंबरोळीचा रविवार शुक्रवारीच उजाडायचा. टेम्पोत ताडपत्री अंथरून बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं यायची. वज्रेश्वरीच्या गरम कुंडात अंग शेकायचं, उंबरोळीच्या गार पाण्यात डुंबायचं आणि आंब्याखाली जेवून आडवं व्हायचं, असा सगळ्यांचा ठरलेला बेत.

तलावाच्या पोटात एक जुनी विहीर होती. तलाव खोदून मोठा केला तेव्हा ती पाण्याखाली गेली. वरून काही म्हणजे काही कळायचं नाही. कमरेएवढ्या पाण्यातून हसत-खिदळत चाललेला माणूस एका पावलात नाहीसा व्हायचा.

शहाऐंशी सालच्या मे महिन्यात एका शुक्रवारी तसंच झालं. केसरीनाथ तेव्हा पस्तिशीतला शेतकरी गडी, तलावाशी त्याचा संबंध म्हशी धुण्यापुरता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हशी घेऊन गेला तर काठावर निळ्या रबरी सपाता पडलेल्या. विसरलं असेल कोणी, असं म्हणून त्याने त्या पायांत सरकवल्या. मापात बसल्या. दोन दिवस तो त्या घालून हिंडला, वज्रेश्वरीच्या बाजारात जाऊन आला. "बऱ्या गावल्या," असं त्याच्या बायकोने, कमळाने, कौतुकही केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी माणूस पाण्यावर आला. लूमवर काम करणारा, बावीस-तेवीस वर्षांचा, मुलूख लांबचा. बरोबरच्यांना वाटलं तो दुसऱ्या टेम्पोत बसला, दुसऱ्या टेम्पोवाल्यांना वाटलं पहिल्यात. त्याला बघायला जमलेल्या गर्दीत केसरीनाथ होता, आणि त्याच्या पायांत त्या माणसाच्या सपाता होत्या.

त्या दिवशी त्याला जो धसका बसला तो बसलाच. ग्रामपंचायतीने तलावावर राखणदार नेमायचं काढलं तेव्हा गावातलं कोणी तयार नव्हतं. केसरीनाथ आपणहून उभा राहिला. "ह्ये काम मना द्या," एवढंच म्हणाला आणि खाली बसला.

कामाची रीत त्याने स्वतःच बसवली. दोन आंब्यांना नायलॉनची जाड दोरी बांधून पाण्याकडे जायची वाट एकच ठेवली आणि वाटेवर फरशा टाकल्या. पाण्यात उतरणाऱ्याने चपला फरशीवर काढायच्या, वर आल्यावर ज्याच्या त्याने घालायच्या. नवऱ्याच्या बायकोने उचलायच्या नाहीत, बापाच्या लेकाने उचलायच्या नाहीत. चप्पल हाय तवर मानूस पान्यात हाय, हे त्याचं गणित. नव्या पाहुण्यांना वाटायचं खाली देवस्थान असावं. काहीजण दोरीला हात लावून नमस्कारही करायचे. केसरीनाथ त्यांना अडवायचा नाही, चपला निघाल्याशी त्याला मतलब.

गाड्यांचंही तसंच. प्रत्येक गाडी तोंड रस्त्याकडे करून लागली पाहिजे आणि मधला पट्टा मोकळा राहिला पाहिजे. बुडालेल्याला भिवंडीच्या दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडी मागेपुढे करण्यात जीव जायला नको. हे तो कोणाला समजावून सांगत बसायचा नाही, त्यामुळे रोज कोणाशी तरी वाजायचं.

"अरे भाई, छाँव में लगाने दो ना, सीट तपती है," एखादा शेठ काच खाली करून म्हणायचा.

"छाव मंगता हाय तो घरको बैठनेका," केसरीनाथ म्हणायचा. "इधर मुंडी रस्तेकू."

लोक त्याला चप्पलमास्तर म्हणायचे. शुक्रवारी त्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही. कमळा डबा घेऊन यायची, बाजूला बसायची आणि तो भरलेला परत घेऊन जायची. "अवं, पाच वरसं झाली, कोन बुडाला न्हाय, आता तरी गिळा दोन घास," ती म्हणायची. तो मान हलवायचा आणि नजर फरशांवरून काढायचा नाही.

तर असा हा माणूस, आणि ब्याण्णवच्या मे महिन्यातल्या त्या शनिवारी त्याच्यासमोर तपकिरी चामड्याचा पुरुषी जोड. नीट जुळवून ठेवलेला. टोकं पाण्याकडे.

आधी तो तंबूंकडे धावला. ठाण्याच्या एका शाळेचं शिबिर होतं. त्याने तिथल्या गुरुजींना सगळी मुलं ओळीत उभी करायला लावली, दोनदा मोजायला लावली, मग गुरुजींना आणि स्वयंपाक्यालाही त्याच ओळीत उभं केलं. सगळे भरले, सगळ्यांच्या पायांत काही ना काही होतं. गाड्यांची जागा रिकामी होती, म्हणजे आलेला माणूस एस.टी.ने आला होता. केसरीनाथने सोडावाल्याला विचारलं, भजीवाल्याला विचारलं, देवळाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारलं. कोणालाच काही आठवेना. वाडीवरून करवंदं विकायला येणारी राहीबाई कातकरीण रिकामी पाटी डोक्यावर घेऊन त्याच्या बाजूने घराकडे निघून गेली.

मग त्याने चिंधूला हाक मारली. विहिरीच्या तळापर्यंत जाऊ शकेल असा उंबरोळीत तो एकटाच उरला होता. वय पंचावन्न, जातीचा कोळी आणि छातीत दमा. काही न विचारता चिंधूने सदरा काढून केसरीनाथच्या हातात दिला आणि पाण्यात शिरला. अंधार पडेस्तोवर त्याने सहा बुड्या मारल्या. प्रत्येक वेळी वर येऊन तो नुसता हात हलवायचा, बोलायला दम नसायचा. ती रात्र केसरीनाथने कशी काढली ते कमळालाच ठाऊक.

रविवारी सकाळी त्याने तलाव बंद ठेवला. दोरीवर काटेरी फांद्या टाकल्या आणि स्वतः पुढे उभा राहिला. पाहुण्यांना हे कोण सांगणार? नऊ वाजेपर्यंत फाट्यापर्यंत गाड्या तुंबल्या. मॅटाडोरमागे रिक्षा, रिक्षामागे लग्नाच्या वऱ्हाडासारखी भरलेली बस. हॉर्न वाजू लागले, तापलेल्या गाड्यांत पोरं रडू लागली. कोणी तोंड आत करून लावली, कोणी मधल्या पट्ट्यात. आज खरंच कोणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर, हे केसरीनाथच्या मनातून जाईना. तो दोरी सोडून गाड्या वळवायला धावायचा आणि गाड्या सोडून दोरीकडे परत यायचा.

पंचायतीचे एक सदस्य आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे केसरीनाथ, विसरला असंल कोनी. कशाला येवढ्या लोकांचा खोळंबा करतंस?"

"मी बी असंच म्हनालो व्हतो," केसरीनाथ म्हणाला. "दोन दिस."

सदस्यांनी खांद्यावरचा हात काढला. जाताना मात्र बजावून गेले की उद्या सकाळी दोरी सोडायची, मग काही असो.

चिंधू तांबडं फुटल्यापासून पाण्यात होता. त्याचे ओठ निळे पडले होते आणि खोकल्याची उबळ आली की तो फरशीला धरून ओणवा व्हायचा. केसरीनाथ म्हणाला, "चिंधूदादा, पुरं आता."

"खाली कोन असंल तर त्याला कसा पुरं?" चिंधू म्हणाला आणि पुन्हा गेला.

डबा घेऊन आलेल्या कमळाने तो जोड उचलून उलटा केला. बायकांची नजर. ती म्हणाली, "अवं, ह्यो टाचेचा तुकडा बघा. लूमचा पट्टा हाय ह्यो, माज्या भावाच्या घरी हायत असले. भिवंडीतल्या चांभाराचं काम हाय."

कमळाला दोरीपाशी उभं करून केसरीनाथने जोड वर्तमानपत्रात गुंडाळला आणि भिवंडीची एस.टी. धरली. गाडीत त्याला बसायला जागा मिळाली, पण पुडकं मांडीवर ठेवावं की खाली, हेच त्याला कळेना. मांडीवर ठेवलं तर मेलेल्या माणसाचं अंग मांडीवर घेतल्यासारखं वाटे आणि खाली ठेवायला हात धजेना. शेवटी तो उभाच राहिला. घरी कोण असेल, म्हातारी आई असेल, लहान पोरं असतील, आणि आपण काय सांगायचं? आम्ही राखायला होतो आणि तुमचा माणूस आमच्या डोळ्यांदेखत गेला, असं? मागच्या वेळी निदान तो राखणदार नव्हता.

स्टँडजवळच्या पहिल्या चांभाराने मान हलवली. दुसऱ्यानेही. तिसऱ्याने टाचेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "माझंच काम. गुप्तेसाहेबांचा जोड. कचेरीत असतात. साडेसाती लागलीय म्हणून सारखं रडगाणं. मागच्याच महिन्यात तुकडा लावला." मग केसरीनाथच्या तोंडाकडे पाहून त्याने विचारलं, "का हो, काय झालं?"

केसरीनाथने फक्त पत्ता विचारून घेतला आणि निघाला. दुसऱ्या मजल्यावरचं घर. दारावर पाटी, 'प्रभाकर गुप्ते'. आतून फोडणीचा वास येत होता. म्हणजे घरी अजून कळलंच नाही, असं त्याच्या मनात आलं. कडी वाजवायला उचललेला हात तसाच राहिला. कितीतरी वेळाने त्याने ती वाजवली.

दार उघडलं ते प्रमोदिनीबाईंनी, गुप्त्यांच्या पत्नीने. हाताला पीठ लागलेलं. केसरीनाथने नुसतं वर्तमानपत्र उघडून पुढे धरलं.

बाईंनी चपला पाहिल्या आणि दोन पावलं मागे सरकल्या. "अगंबाई! परत आल्या!" त्या ओरडल्या. "अहो, ऐकलंत का? परत आल्या त्या!"

आणि आतून पायजमा-बनियनवर, हातात चहाचा कप घेऊन, प्रभाकर गुप्ते बाहेर आले. जिवंत. धडधाकट.

केसरीनाथ जिन्याच्या पायरीवर मटकन बसला. डोक्यावरची टोपी काढून त्याने तोंडावर धरली आणि पोरासारखा रडला. गुप्ते पतिपत्नी एकमेकांकडे बघत राहिली. शेजारचं दार उघडलं आणि बंद झालं.

"कोण आपण? पाणी देऊ का?" गुप्त्यांनी विचारलं.

"पानी नको," केसरीनाथ म्हणाला. "पान्याचं नाव नका काढू. तुमी जिते हायत, तर चपला सोडून का आयले?"

गुप्ते ओशाळले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन वर्षं झाली, बढती अडकली होती, थोरल्या मुलीचं, सुचेताचं, ठरलेलं लग्न मोडलं होतं, आणि स्कूटरने आपटून स्वतःचा हात मोडला होता. कोणीतरी उपाय सांगितला, शनी अमावस्येला देवाच्या दारी पायातलं पायताण सोडायचं आणि मागे न बघता अनवाणी निघायचं. चपलांबरोबर पीडा जाते. शनिवारी अमावस्या आली तसे ते वज्रेश्वरीला गेले, देवळाबाहेर जोड ठेवला आणि निघाले. तर फुलवाली मागून धावत आली, "ओ साहेब, चपला राहिल्या!" दुसऱ्यांदा ठेवला तर एका भाविकाने हाक मारली.

"परतीच्या गाडीतून तुमचा तलाव दिसला," गुप्ते म्हणाले. "दोरीपाशी इतक्या चपला रांगेने होत्या. खाली देऊळ असेल असं वाटलं. उतरलो, ठेवल्या आणि पुढची गाडी धरली. म्हटलं, एवढ्यांत एक जोड कोणाला कळणार?"

"मना कळनार!" केसरीनाथ उसळला. "मना न्हाय तर कोनाला?"

"झालं ते झालं, पण त्या आत आणू नका हो," प्रमोदिनीबाई दारातूनच म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग कमी आणि भीती जास्त होती. "घेऊन जा त्या. तुमच्या पाया पडते."

केसरीनाथ उठला. वर्तमानपत्र पुन्हा गुंडाळत म्हणाला, "साहेब, सदरा घाला आनि चला."

"कुठे?"

"तलावावर. पान्यात मानूस हाय."

"अहो, पण मी तर इथे..."

"तुमी हितं हायत. चिंधू पान्यात हाय. काल सांजपासून तुमाला धुंडतोय. मी एकटा जाऊन सांगितला, तर गाव म्हनेल केसरीनाथ थकला, खोटा बोलतो. तुमी दिसल्याबिगर कोन वर येनार न्हाय."

गुप्ते माणूस वाईट नव्हते. बायकोकडे न बघता त्यांनी सदरा चढवला, आदल्याच दिवशी घेतलेल्या नव्या चपला पायांत घातल्या आणि निघाले. एस.टी.ची वाट न बघता दोघं रिक्षात बसले. वाटेत गुप्त्यांनी विचारलं, "पोहणारा पट्टीचा आहे ना?" आणि केसरीनाथ म्हणाला, "दमेकरी हाय."

तलावावर पोहोचले तेव्हा काठावर माणसं दाटीने उभी होती. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला. पाणी सपाट. केसरीनाथने सवयीने आधी दोरीपाशी पाहिलं. फरशा मोकळ्या होत्या, एकही चप्पल नव्हती. त्याच्या गणिताने पाण्यात कोणी नव्हतं. आणि कमळा त्याचा दंड धरून कुजबुजत होती, "चिंधूदादा खाली गेलंय. लय वेळ झाला."

तो दोरी ओलांडून गुडघाभर पाण्यात गेला. पोहता येत नव्हतं, तरी गेला. मागे गुप्ते काठावर दोन्ही हात छातीशी धरून उभे होते. कोणीतरी मोठ्याने देवाचं नाव घेतलं. मग विहिरीच्या अंगाला पाणी फुटलं आणि चिंधूचं डोकं वर आलं. नाकातून रक्ताची धार लागली होती. चौघांनी त्याला ओढून काठावर घातलं. श्वास लागला तसं त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "न्हाय गावला रे, केसऱ्या."

"गावला," केसरीनाथ म्हणाला. "जिता गावला. ह्यो बघ."

चिंधूने गुप्त्यांकडे पाहिलं. सगळ्यांना वाटलं, आता शिव्या घालेल. पण त्याने हात जोडले. "बरं झालं साहेब, तुमी खाली न्हाय व्हता," तो म्हणाला. "मी लय शोधला तुमाला."

गुप्त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी केसरीनाथच्या हातातलं पुडकं घेतलं, नव्या चपला काढून चिंधूच्या पायाशी ठेवल्या आणि सगळ्यांसमोर तो जुना जोड पायांत चढवला. साडेसातीसकट. मग मान खाली घालून ते फाट्याकडे चालू लागले.

चिंधूला गोधडीत गुंडाळून घरी नेलं. लोक पांगले. केसरीनाथ काटेरी फांद्या उचलून बाजूला टाकत होता, तेवढ्यात राहीबाई पाटी घेऊन आली आणि फाट्याकडे बोट करून म्हणाली, "त्याच्यापायी झालं का ह्ये सगलं? त्याला मी काल बघितला व्हता. येष्टीत चढला, अनवानी."

केसरीनाथच्या हातातली फांदी खाली पडली. "बघितला? मग सांगितला का न्हाय? चिंधूदादाचा जीव जात व्हता!"

"मना कोनी इचारला?"

"अगं, पर अनवानी मानूस रस्त्यानं गेला, तुला काय वाटला न्हाय?"

राहीबाईला तो प्रश्नच कळला नाही. "अनवानी चालनं काय सांगायची गोष्ट हाय? आमची सगली वाडी चालतं." मग काहीतरी सुचल्यासारखी ती थांबली. "मी बी रोज पान्यात उतरतंय. पाटी धुतंय, अंग धुतंय. माजी पोरं उतरतान. आमचा जोड कुठं मांडतोस तू?"

ती चिडून बोलली नव्हती, सहज विचारत होती. केसरीनाथ तिच्या भेगाळलेल्या पायांकडे बघत राहिला. तिची पोरं, वाडीवरच्या बाया, गवत कापायला येणारे गडी, खुद्द चिंधू. पाच वर्षं डोळ्यांत तेल घालून आपण माणसं राखली असं तो समजत होता, आणि त्याने राखल्या होत्या त्या चपला. ह्यांतलं कोणी खाली राहिलं असतं तर फरशी मोकळी बघून तो निवांत घरी गेला असता.

राहीबाई दोरीखालून वाकून पाण्याकडे निघाली.

"राहीबाय," त्याने हाक मारली, "किती येळ लागंल तुला?"

"का रं?"

"काय न्हाय. जा तू."

ऊन उतरत आलं होतं. कमळाने आंब्याखाली डबा उघडून त्याला बोलावलं, पण तो गेला नाही. राहीबाईने सावकाश पाटी धुतली, तोंड धुतलं, लुगड्याला तोंड पुसलं. ती वर येईपर्यंत केसरीनाथ दोरीपाशी उभा राहिला.